रखवालदाराचं चिलखत

१

बसा हो. कार्डं आत्ताच मशीनवरून उतरलीत, शाई ओली आहे. अशीच नेलीत तर नाव तुमचं आणि छापलं जाईल तुमच्या शर्टावर. वाळेपर्यंत एक गोष्ट सांगतो. खुनाची आहे. म्हणजे मेला तो एक राक्षस, तोही कागदावरचा, पण त्याच्यापायी एक घर पार मोडायला आलं होतं. आणि मारणारा कोण हे कळलं तेव्हा माझ्यासारख्या बोलघेवड्याची वाचा बसली. यावरून काय ते समजा.

आधी खेळ समजून घ्या, नाहीतर घोडं तिथंच पेंड खाईल. आम्ही काही टाळकी, केस पिकले तरी दर आठवड्याला एका टेबलाभोवती जमतो. पट नाही, सोंगट्या नाहीत. एक जण गोष्ट चालवतो, त्याला आम्ही सूत्रधार म्हणतो. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कोणी जादूगार, कोणी चोर. मी कुऱ्हाडवाला बुटका. पोटाकडे असं बघू नका, गोष्टीत मी चपळ आहे. सूत्रधार म्हणतो, समोर अंधारा जिना आहे, काय करता? आपण सांगायचं. जमलं की फसलं ते फासा ठरवतो. वीस बाजूंचा फासा असतो आमचा.

या गोष्टींना मोहिमा म्हणतात. त्या आधी कोणीतरी बसून लिहाव्या लागतात. कुठल्या खोलीत काय, कोण लपलंय, त्याचा जीव केवढा, त्याचे दात केवढे. आमच्याकडच्या सगळ्या गाजलेल्या मोहिमा अण्णांच्या. त्यातली सगळ्यात जालीम म्हणजे ‘खारी विहीर’. विहिरीच्या तळाशी एक रखवालदार बसलाय. अण्णा सूत्रधार असताना त्याला हरवून कोणी वर आला नाही. मी स्वतः तिथं मेलोय. किती वेळा ते विचारू नका.

पण खेळाचे नियम बदलत राहतात. काही वर्षं गेली की नवी आवृत्ती निघते आणि जुन्या मोहिमा तिच्यात बसत नाहीत. जुन्या कोटात नवीन माणूस घालायचा म्हटलं की सगळं उसवून परत शिवावं लागतं ना, तसं. हे उसवायचं-शिवायचं काम अण्णांच्या मुलीनं घेतलं. धाकटी म्हणतो आम्ही तिला. वर्षभर बापाच्या मागच्या खोलीत, बापाच्या जुन्या कागदांशेजारी कॉम्प्युटर ठेवून बसली. असल्या खेळांचं दुकान चालवणारा आमच्यातलाच एक, दुकानदार म्हणतो त्याला, ते पुस्तक काढणार होता आणि छपाई माझ्याकडे.

छापायच्या आधी एक मुकी चाचणी होते. म्हणजे असं, की ज्यानं लिहिलं त्यानं कोपऱ्यात बसायचं, तोंड शिवून. खेळ दुसऱ्या कोणी चालवायचा, पानावर छापलंय तसा, अक्षर इकडचं तिकडे न करता. कारण पुस्तक विकलं गेलं की लिहिणारा काही प्रत्येकाच्या घरी समजवायला जात नाही.

त्या दिवशी अण्णांच्या घरी सूत्रधार होता थोरला. म्हणजे धाकटीचा भाऊ. टेबलाशी मी, दुकानदार आणि त्यानं आणलेली तीन-चार नवी पोरं. धाकटी कोपऱ्यात स्टुलावर, हात मांडीखाली दाबून. अण्णा दाराजवळच्या आरामखुर्चीत होते, पण आम्ही विहिरीत उतरायला लागलो तेव्हा उठून आत गेले.

उतरलो तळाशी. अंगावर काटा आला होता माझ्या, जुनी जखम ना. थोरल्यानं पान उलटलं. क्षणभर थांबला. मग वाचलं, “चिलखत, दोन.”

चिलखत म्हणजे त्याला वार लागायला फाश्यावर किती पडायला हवेत तो आकडा. दोन. मी फासा टाकला, चार पडले. लागला. पुढच्याला तीन पडले. लागला. सगळ्यांचं सगळं लागायला लागलं. आणि जीव म्हणाल तर त्याचा संपता संपेना. आम्ही आपले गादी झोडपावी तसे झोडपतोय, झोडपतोय. एका पोरानं फोन काढला. दुसरं म्हणालं, “काका, मी बाहेर जाऊन येतो, माझाही वार तुम्हीच करा.” शेवटी मेला एकदाचा तो रखवालदार. कोणी हूं की चूं केलं नाही.

दुकानदारानं जांभई दिली. “ही मोहीम आहे की व्यायाम?” म्हणाला. पान हातात घेऊन बघितलं. “चिलखत कागदाचं, जीव हत्तीचा, चावा वाघाचा. धड बळकट नाही, धड दुबळा नाही. बाई, तुम्हाला नेमकं करायचं काय होतं?”

धाकटी स्टुलावरून उठली. तिचा चेहरा खडूसारखा.

“हे मी लिहिलेलं नाही,” ती म्हणाली.

२

आता हे वाक्य सगळेच म्हणतात. माझ्याकडे छापून घेणारा प्रत्येक जण चूक सापडली की हेच म्हणतो. त्यामुळे दुकानदारानं लगेच माझ्याकडे बघितलं.

“मग छापखान्यात घुसला असेल घोळ.”

माझं डोकं तडकलं. सगळ्यांना घेऊन इथं आलो, तिनं मेलनं पाठवलेली फाईल उघडली. चिलखत दोन. जीव दुप्पट. चावा दुप्पट. जसं आलं तसं मी चाचणीपुरतं छापलं होतं.

“मी एकोणीस लिहिलं होतं,” धाकटी म्हणाली. “चावा आणि जीव, दोन्ही अर्धे होते. रविवारी सकाळी शेवटचं तपासलं आणि दुपारी जेवण झाल्यावर पाठवलं. मधे उघडून बघितलं नाही.”

“कॉम्प्युटरला कुलूप?”

“परवलीचा शब्द आहे. रखवालदार.”

थोरला हसला. “छान. तो तर शेजारच्या मांजरालाही माहीत आहे.”

दुकानदार हिशोबी माणूस, पण वाईट नाही. म्हणाला, “बाई, अण्णांच्या अजून चार मोहिमा नव्या करायच्यात. तुम्हालाच देणार होतो. पण ज्याला आपलाच राक्षस सांभाळता येत नाही... शनिवारी सांगतो. नाहीतर थोरल्याला देईन.”

थोरला? बूट बघत होता स्वतःचे.

सगळे गेले तरी धाकटी इथंच, तुम्ही बसलात त्याच बाकावर बसून राहिली. म्हटलं, “पोरी, हे कोणीतरी केलंय.”

“नाही काका. तीन आकडे, दोन दिशांना. कोणी मुद्दाम केलं असतं तर एका दिशेनं केलं असतं. एक तर सोपा, नाहीतर अवघड. हे असं फक्त गोंधळलेल्या डोक्यातून येतं.” पदरानं पुसावं तसं बाहीनं नाक पुसलं तिनं. “माझंच डोकं असेल. वर्षभर बघून बघून आकडे उलटेसुलटे झाले असतील. अण्णांचं आयुष्यभराचं काम, आणि मी त्याचं हसं केलं. मी सोडते हे.”

मी तिला फ्रॉकात बघितलेली. टेबलाखाली रांगत आमचे पडलेले फासे गोळा करायची. तिनं हे सोडलं असतं तर पुन्हा हात लावला नसता, इतकी मानी. म्हटलं, शनिवारपर्यंत काहीतरी केलं पाहिजे.

आणि मला आत्याबाई आठवली.

३

आत्याबाई म्हणजे अण्णांची पाठची बहीण. विम्याच्या कंपनीत आगीचे दावे तपासण्यात तिचा जन्म गेला. जळून खाक झालेल्या दुकानात रुमाल नाकाला लावून फिरायची आणि सांगायची, ही आग लागली, ही लावली. बोलण्यात तर बाई अशी की समोरच्याला वाटावं आपणच पेटलोय. आमचा खेळ तिनं जन्मात खेळला नव्हता. “म्हाताऱ्यांची भातुकली,” म्हणायची.

सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “रविवारी अण्णाकडे जेवायला कोण होतं?”

“अण्णा, थोरला, धाकटी, जावईबापू, नकाशेवाला. आणि मी.”

“मागच्या खोलीत कोण गेलं?”

“सगळेच. तिथं पलंग आहे, हवा येते. कोण लवंडायला गेलं, कोण फोन घ्यायला.”

“म्हणजे तूसुद्धा.”

“आत्याबाई, मी तुमच्याकडे आलोय ना?”

“पहिली खबर देणारा बरेचदा काडी खिशात घेऊनच येतो,” ती म्हणाली आणि चपला घातल्या.

पहिला गाठला नकाशेवाला. दुकानांच्या पाट्या रंगवतो तो, आणि मोहिमांचे नकाशे काढतो. शिडीवरच होता, ब्रश घेऊन. खाली उतरला नाही.

“मला राग आहे, लपवत नाही,” वरूनच म्हणाला. “माझी विहीर सात मजल्यांची होती. एकेक मजला महिनाभर काढलाय. तिनं चार मजले कापले. म्हणे, नवीन लोकांना एवढा वेळ नसतो. आणि वर, पानाच्या कोपऱ्यात तिनं स्वतः पेन्सिलीनं एक बादली काढली. एवढीशी. जो येईल तो म्हणतो, बादली किती छान. माझ्या विहिरीवर कोण बोललं? कोणी नाही.”

“म्हणून तू आकडे बदललेस?”

“आकडे मला कळत नाहीत. मला बिघडवायचं असतं तर ती बादली खोडली असती.”

पुढे जावईबापू. चष्म्याचं दुकान आहे त्यांचं. आम्ही गेलो तर एका गिऱ्हाइकाला अक्षरं वाचायला लावत होते. ते गेल्यावर चष्मा पुसत बसले.

“आत्या, तुम्ही विचारताय म्हणून सांगतो. मला त्या राक्षसाचा हेवा वाटतो. बायको झोपेत ‘तहान, तहान’ म्हणते. मी उठून पाणी आणतो. ती म्हणते, मला नाही हो, त्याला.”

“कोणाला?”

“रखवालदाराला. तिनं नवीन घातलंय ते. तो खाऱ्या पाण्यात बसलाय, तहानलेला आहे. त्याला मारून काही होत नाही. कोणाला सुचलं आणि त्यानं आपल्याकडचं गोडं पाणी दिलं, तरच तो वाट सोडतो. माझ्या लग्नाचा वाढदिवस ती विसरली, पण त्याची तहान नाही विसरली.”

“म्हणून तुम्ही...”

“मी त्याला मारलाच असता, जीव वाढवला नसता. मला तो घरात आणखी जगायला नको होता.”

बाहेर आल्यावर आत्याबाई एकदाच हसली. “हा खरं बोलतो. हेवा असा उघड्यावर वाळत घालणारा माणूस आग लावत नाही.”

राहिला थोरला. संध्याकाळी दुकानदाराच्याच दुकानात तो पोरांना नव्या आवृत्तीचा खेळ शिकवतो. पोरं गेल्यावर फासे डब्यात भरत होता.

“आत्या, तू माझ्यावर येणार हे मला ठाऊकच होतं.”

“मग तयारी करून ठेवली असशील. बोल.”

“अण्णांच्या शेजारच्या खुर्चीवर मी वाढलो. त्यांचे पाहुणे आले की मी खेळ चालवायचो. ती टेबलाखाली असायची. आणि काम कोणाला मिळालं? टेबलाखालच्याला.” डबा जोरात बंद केला त्यानं. “पण ते आकडे माझे नाहीत.”

“चिलखत दोन दिसलं तेव्हा काही खटकलं?”

“दिसताक्षणी. नव्या खेळात दोन म्हणजे उघडा माणूस.”

“आणि गप्प बसलास.”

“मुकी चाचणी आहे. छापलंय तेच चालवायचं, असा नियम आहे.”

“नियम तोंडात होता. पोटात काय होतं?”

थोरल्यानं डब्याचं झाकण उघडलं, परत लावलं. मग हळू आवाजात म्हणाला, “बरं वाटलं, आत्या. तिची फजिती होताना बरं वाटलं. घरी गेल्यावर जेवण गेलं नाही, पण तिथं बरं वाटलं.”

रस्त्यावर आल्यावर म्हटलं, “झालं. हाच.”

“याला दोन्ही हातांनी चोरी करता आली असती,” आत्याबाई म्हणाली, “पण एका हातानं राक्षस बळकट आणि दुसऱ्यानं दुबळा, असं हा कशाला करेल? माझं घोडं तिथं अडलंय. मला तुमचा खेळ सांग. पहिल्यापासून. मी शाळेतली पोर आहे असं समजून सांग.”

४

तिच्या घरी बसलो. तिनं चहा टाकला. मी माझा फासा काढला, खिशातच असतो.

“हे बघा. समोरच्याचं चिलखत एकोणीस असेल तर मला एकोणीस किंवा वीस पडायला हवेत. म्हणजे जवळजवळ अशक्य. चिलखत दोन असेल तर आंधळ्यानं टाकला तरी लागतो.”

“म्हणजे मोठा आकडा, जाड चिलखत. सोपं आहे. यात वर्षभर बसण्यासारखं काय होतं तिला?”

“अहो, आत्ता सोपं आहे. पूर्वी उलटं होतं.”

तिनं कप अर्ध्यावर थांबवला. “काय उलटं?”

“जुन्या आवृत्तीत आकडा जेवढा लहान तेवढं चिलखत जाड. दहा म्हणजे उघडा माणूस आणि दोन म्हणजे पोलादात मढवलेला. आमची निम्मी भांडणं त्याच्यावरच व्हायची. नव्यात ते सरळ करून टाकलं. म्हणून तर जुनी मोहीम नवी करताना पहिलं काम तेच, एकेकाचं चिलखत उलटवून घ्यायचं.”

“जीव? चावा? तेही उलटे होते?”

“नाही. ते तेव्हाही मोठे म्हणजे मोठेच.”

आत्याबाईनं कप खाली ठेवला. बशीत चहा सांडला तरी लक्ष नाही.

“अरे गाढवा,” मला म्हणाली, आणि माझ्याकडे बघतही नव्हती. “ते तीन आकडे दोन दिशांना नाहीत. एकाच दिशेला आहेत.”

“ते कसं?”

“जीव वाढवला, का? बळकट व्हावा म्हणून. चावा वाढवला, का? बळकट व्हावा म्हणून. आणि चिलखत दोनवर आणलं...”

वाक्य मी पुरं केलं. “बळकट व्हावा म्हणून.”

“ज्यानं केलं त्याला राक्षस दुबळा करायचाच नव्हता. त्याला तुम्ही सगळे त्या विहिरीत मरायला हवे होतात. त्याचा हात जुन्या नियमानं चालला, एवढंच. आता मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारणार. तू सोबत चल, आणि तोंड उघडायचं नाहीस.”

५

प्रश्न साधा होता. रखवालदार आणखी भारी करायचा, तर चिलखताचा आकडा वर न्यायचा की खाली?

नकाशेवाला शिडीवरून म्हणाला, “वर असेल. मोठं ते मोठं. मला काय कळतंय?”

जावईबापू म्हणाले, “चिलखताला आकडा असतो? आमच्याकडे काचेला असतो.”

थोरला म्हणाला, “वर. पूर्वी खाली होतं. आता विचारतेस तर वर.” आणि एकदम थांबला. आत्याबाईकडे बघितलं. त्याचा चेहरा उतरत गेला. “आत्या,” म्हणाला, “नको जाऊस तिकडे.”

ती निघाली होती. मी मागे मागे. मला अजून कळलं नव्हतं, खरं सांगतो. किंवा कळलं होतं आणि मन घेत नव्हतं. उरलं होतं कोण? ज्याचा राक्षस, तोच. आपल्याच पोटच्या मोहिमेचा गळा कोण दाबेल, म्हणून त्यांच्याकडे कोणी बघितलंच नव्हतं.

अण्णा मागच्या खोलीत खिडकीशी बसले होते, पेन्सिलींना टोक करत. त्यांची सवयच ती. कॉम्प्युटर शेजारीच होता. रोज धाकटी पानं मोठ्या अक्षरात लावून द्यायची, ते वाचायचे.

“अण्णा, एक विचारू?” आत्याबाई म्हणाली. “तुझा तो रखवालदार. त्याला आणखी भारी करायचा असेल तर चिलखताचा आकडा वर न्यायचा की खाली?”

“खाली,” अण्णा म्हणाले. पेन्सिलीवरून नजरसुद्धा उचलली नाही. “हे काय विचारणं झालं?”

६

खोलीत पेन्सिलीच्या सालीचा आवाज तेवढा होता. मग तोही थांबला.

“सगळीकडे विचारून आले,” आत्याबाई म्हणाली. “खाली म्हणणारा तू एकटा.”

अण्णांनी आमच्याकडे बघितलं. माझ्याकडे जास्त. मग कॉम्प्युटरकडे. “आता वर नेतात?”

“तिनं तुला सांगितलं नाही?”

“सांगत होती. मी ऐकलं नाही. नवे नियम मी वाचलेच नाहीत. वाटलं, तिनं एकोणीस घातलंय म्हणजे माझा रखवालदार नागडा करून ठेवलाय. मी त्याला कपडे घालत होतो.”

“खोटं,” आत्याबाई म्हणाली. शांतपणे. “कपडे घालायचे असते तर तिला हाक मारून म्हणाला असतास, चूक आहे. ती स्वयंपाकघरात होती. जीव दुप्पट कशाला केलास? चावा?”

अण्णांनी दुसरी पेन्सिल घेतली. आत्याबाई उभीच राहिली. ती बाई थांबू शकते, हाच तिचा धंदा होता.

“सगळे मरायला हवे होते,” शेवटी अण्णा म्हणाले. “मेले असते की म्हणाले असते, अण्णांची विहीर अण्णांनीच चालवावी. तो दुकानदार माझ्या तोंडावर म्हणाला, आता कुठं ही मोहीम खेळण्यासारखी झाली. आता कुठं! माझ्यासमोर. आणि तिनं मान खाली घालून हसून घेतलं.”

“एवढ्यावरून?”

“एवढ्यावरून नाही.” त्यांनी पेन्सिल ठेवली. “तो तहानलेला आहे. खाऱ्या पाण्यात मी त्याला बसवला. इतकी वर्षं तो तिथं बसलाय, मी रोज त्याला बघतोय, त्याचे दात, त्याची नखं, सगळं मला पाठ. त्याला तहान लागली असेल हे मला सुचलं नाही. तिला पहिल्याच महिन्यात सुचलं.” मग म्हणाले, “वाचलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. इतकं चांगलं होतं ते.”

मी उगाच टोक केलेल्या पेन्सिली मोजायला लागलो.

“धाकटी सोडून द्यायला निघालीय,” आत्याबाई म्हणाली. “तिला वाटतंय तिचं डोकं फिरलं.”

“तू सांग तिला.”

“राख मी चाळली. आग तुझी आहे. तूच सांगायचं, आणि सगळ्यांदेखत. फजिती सगळ्यांदेखत झालीय.”

शनिवारी सगळे अण्णांकडे जमले. दुकानदार थोरल्याशी काही बोलायला लागला तेवढ्यात अण्णा उठले. काठी न घेता उठले. “आकडे मी बदलले,” म्हणाले. “तिचं बरोबर होतं. मला तिचा मत्सर वाटला.”

दुकानदारानं माझ्याकडे बघितलं, मी छताकडे.

धाकटी बघतच राहिली. “दोन, अण्णा?” म्हणाली. “दोन? वर्षभर मी तुमच्याशेजारी बसून सगळी चिलखतं उलटवत होते. तुम्ही एकदाही ऐकलं नाहीत?” तिला हसू फुटलं, आणि त्या हसण्यातच आवाज फाटला. “मी आठवडाभर स्वतःवर संशय घेतला. यांच्या दुकानात जाऊन डोळे तपासून घेतले.”

“नंबर तोच निघाला,” जावईबापू म्हणाले. कोणी हसलं नाही.

“दादाला माझा हेवा वाटतो ते मला माहीत होतं,” ती म्हणाली. “मला तुमचा वाटायचा. टेबलाखाली होते तेव्हापासून. तुमच्यासारखं एक तरी पान लिहिता यावं म्हणून. आणि तुम्हाला माझा?”

“हो,” अण्णा म्हणाले.

ती संतापली होती, खोटं सांगत नाही. पण त्या रागाआड तिच्या चेहऱ्यावर आणखी काहीतरी होतं. शाळेतल्या पोरीला पहिला नंबर आल्याचं कळावं आणि ते लपवता येऊ नये, तसं काहीतरी. मी दुसरीकडे बघितलं.

मग तिनं मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरची वायर काढून आणली. “कॉम्प्युटर मी माझ्या घरी नेते. चारही मोहिमा मी करीन, पण माझ्या घरी. छापून झाल्या की तुम्हाला वाचायला देईन. आधी नाही.”

अण्णांनी मान हलवली. दुकानदारानं तिथल्या तिथं काम तिला दिलं. कॉम्प्युटर खाली उतरवला थोरल्यानं, कोणी न सांगता.

पुढच्या मुक्या चाचणीला नवी पोरं होती. सूत्रधार थोरलाच, तिनंच मागितला. चिलखत एकोणीस. मारून मारून पोरं रडकुंडीला आली, दोघं मेली. मग चष्मेवाली एक मुलगी, सगळ्यात गप्प बसलेली, हळूच म्हणाली, “माझ्या पिशवीत प्यायचं पाणी आहे. मी ते त्याच्यापुढे ठेवते.” थोरल्याला पुढचं वाचायचं होतं, तो ओळीवर बोट ठेवून बसला. या वेळी कोपऱ्यातल्या स्टुलावर धाकटीशेजारी अण्णाही होते, तोंड शिवून. ते उठून गॅलरीत गेले. कशाला गेले ते मी विचारलं नाही.

ते पुस्तक तर मी छापून मोकळा झालो, म्हणून तुम्हाला तहान वगैरे सांगितली. आता दुसऱ्या मोहिमेचं काम संपत आलंय. तिच्यातलं अक्षर सांगणार नाही, कारण चाचणीला कोरा माणूस लागतो, आणि तुम्ही मला बरे वाटलात. कार्डं वाळली, घ्या. शनिवारी याल का? फासा मी देईन. आणि एक विनंती आहे. मोहीम आवडलीच, तर धाकटीचं कौतुक स्वयंपाकघरात करा, अण्णांचं गॅलरीत, आणि जाताना जिन्यात थोरल्याला सांगा की खेळ त्यानं छान चालवला. पण तिघं एका खोलीत असतील, तेव्हा मात्र, हात जोडतो, चहा चांगला झालाय एवढंच म्हणा.